उजव्या हाताची टी

क्लाइनडॉर्फ, नॉर्थ डकोटा
८ जानेवारी, रविवार

डेल्फीन,

माझं अक्षर बघितलं की तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता कोर्टातल्या ट्रूडीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. मी फोन करून बघितला. दोनदा वाजला आणि कापला गेला. कापणारी तूच, हे मला लगेच कळलं. लहानपणी आपल्या घराची दारंसुद्धा तू अशीच आपटायचीस.

कामाचं बोलते. मला तुझी मदत हवी आहे.

गुरुवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर बर्फावरून माझा पाय सरकला. मला काही झालं नाही. माझं स्टेनो मशीन मात्र पिशवीसकट अकरा पायऱ्या खाली गेलं आणि उघडून बघितलं तर आतलं सर्किट उभं चिरलेलं. दुरुस्तीवाले म्हणतात सहा आठवडे. तेरा फेब्रुवारीला माझा खटला आहे. माझा म्हणजे फिलोमिना वेट्शचा.

फिलोमिना आठवते ना? चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी ‘आमेन’ म्हणायची, ती. आता चौऱ्याऐंशीची आहे आणि कान पूर्ण गेलेत. पुतण्या गॅरेटने तिच्याकडून सह्यांचा अधिकार लिहून घेतला आणि तिची सगळी जमीन वीस वर्षांच्या कराराने दुसऱ्याला देऊन टाकली. तो म्हणतो, विचारून दिली. ती म्हणते, मला कोणी काही विचारलंच नाही. खटला दोनदा पुढे ढकलला गेलाय, कारण कोर्टात कोण काय बोलतंय ते तिला कळत नाही. खुणांची भाषा तिला येत नाही, आणि ओठ वाचायचे तर माणूस समोर हवा. वकील तर तिच्याकडे पाठ करूनच उभे राहतात. शेवटी न्यायाधीश ओडेगार्डबाईंनी तोडगा काढला: मी मशीनवर लिहायचं आणि ते त्याच क्षणी फिलोमिनाच्या समोरच्या पडद्यावर उमटायचं.

माझ्याऐवजी मशीनवर लिहायला बिस्मार्कची कोर्ट-रिपोर्टर मागितली, तर ती मार्चपर्यंत मोकळी नाही. आणि आमच्या जिल्ह्याच्या मंडळींनी गेल्या शरद ऋतूत कोर्टाच्या छताला रेकॉर्डिंगचा डबा टांगून ठेवलाय. माझ्या जागी तोच यावा म्हणून ते टपून बसलेत. डबा सगळं ऐकतो, पण फिलोमिनाला काही दाखवत नाही.

तुझं जुनं मशीन माझ्या तळघरात आहे. तू कोर्टातलं रिपोर्टरचं काम सोडून गेलीस तेव्हा ते तिथल्या कपाटात राहिलं होतं, मी घरी आणलं. टाकलं नाही. ते मी सुरू करणार आहे. करणार म्हणजे करणारच, पण तुझ्याइतकं त्याचं पोट कोणाला माहीत नाही. तू तिकडे मेसामध्ये शिवणयंत्रं दुरुस्त करतेस असं ऐकलं. तेव्हा तीन गोष्टी सांग: बॅटरी मेली आहे, तिचं काय करू? शाईची फीत वाळून कडक झालीये, ती कुठली चालेल? आणि आताच्या लॅपटॉपला ते जोडायचं कसं?

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. मला मशीनची कागदी पट्टी वाचायला सांगितली, मी पट्टी वाचली.

मार्लिस


१९ जानेवारी, गुरुवार

डेल्फीन,

कार्ड मिळालं. ना ‘प्रिय’, ना ‘तुझी’. चार ओळी आणि चार आकडे. मला चालतं. कामाचा कागद असाच असावा.

एक: बॅटरी काढून टाकली, थेट विजेवर लावलं. दिवा लागला. खोटं सांगत नाही, मी तळघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

दोन: फीत तू म्हणालीस ती टपालाने मागवली. पहिल्या दिवशी पट्टीवर अक्षरांऐवजी डाग पडत होते, दुसऱ्या दिवशी ती वाचण्यासारखी झाली.

तीन: नऊ पिनांची केबल माझ्या जुन्या खोक्यात सापडली, पण आताच्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. मधला जोड घ्यावा लागला. तो लावला तर पडद्यावर काहीच नाही. दोन दिवस मी लॅपटॉपला शिव्या घातल्या. मग कळलं, लॅपटॉप म्हणतोय मशीन सातव्या पोर्टवर, म्हणजे सातव्या दारावर आलंय, आणि सॉफ्टवेअर पहिल्या दाराशी वाट बघत बसलंय. दार बदललं. मग जे उमटलं ते कुठल्या भाषेतलं होतं देव जाणे. तुझ्या कार्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘९६००’ लिहिलेलं होतं, तो मी आधी फितीचा नंबर समजले होते. तो निघाला जोडणीचा वेग. घातला आणि पडद्यावर ओळ आली: ‘आपलं पूर्ण नाव सांगा.’ चाळीस वर्षं मी हे वाक्य लिहितेय, इतकं देखणं ते कधी दिसलं नव्हतं.

चार: ‘तेल घालू नकोस. तू घालशील. घालू नकोस.’ नाही घातलं. हातात बाटली घेतली होती, पण ठेवून दिली.

तुझ्या मशीनच्या कळा किती खोल गं! माझ्या नव्या मशीनवर बोट नुसतं टेकलं की अक्षर. तुझ्या मशीनवर बादलीभर पीठ मळल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी मिनिटाला ऐंशी शब्दांवर दम लागला. आज एकशे सत्तर. कोर्टाला सव्वादोनशे लागतात. होतील. ट्रूडी रोज जेवणाच्या सुट्टीत मला जुन्या केसेस भराभर वाचून दाखवते, आणि तोंडात सँडविच असतं त्यामुळे खरे साक्षीदार तिच्यापेक्षा बरेच स्पष्ट वाटतात.

मार्लिस


२४ जानेवारी, मंगळवार

डेल्फीन,

हे पत्र बसून वाच.

काल मशीन घेऊन कोर्टात गेले. कोर्टाच्या खोलीत पडदा कुठे ठेवायचा, केबल पुरते का, ते बघायचं होतं. आधी कॅफेत सूप प्यायला थांबले आणि मशीन गाडीतच राहिलं. तासभर. बाहेर उणे एकोणतीस. कोर्टात गेले तर शनिवार-रविवार बॉयलर बंद ठेवलेला, खोली अजून तापली नव्हती. तोंडातून वाफ येत होती. ट्रूडी कोट घालूनच वाचायला बसली.

तिने वाचलं, मी लिहिलं. पाच मिनिटांनी ती पडद्याकडे बघून थांबली.

“मार्लिस, मी ‘कॅन्ट’ म्हणाले. तू ‘कॅन’ लिहिलंस.”

“मी ‘कॅन्ट’च लिहिलंय.”

“मग वाच.”

वाचलं. पट्टीवरही तेच. ‘सांगू शकत नाही’चं ‘सांगू शकते’ झालेलं. तुला काय सांगायचं, दोन्हींत फरक एका कळीचा, उजव्या हाताची, शब्दाच्या शेवटची टी. मी ती दाबली होती. माझं बोट मला माहीत आहे. मी पुन्हा दाबली. उमटली. पुन्हा. नाही उमटली.

अर्ध्या तासाने खोली तापली, मशीन तापलं आणि टी एकदाही चुकली नाही.

मी मशीन उचललं आणि परत गाडीत नेऊन ठेवलं. ट्रूडीला वाटलं माझं डोकं फिरलं. तासाने आत आणलं आणि शंभर वेळा ‘कॅन्ट’ लिहिलं. एकतीस वेळा टी आली नाही. मग मशीन रेडिएटरजवळ ठेवलं, पुरतं तापू दिलं, पुन्हा शंभर वेळा लिहिलं. शंभरच्या शंभर आल्या. दोन्ही पट्ट्यांवर ट्रूडीची सही घेतली. आज वरचं झाकण काढून बघितलं. त्या कळीच्या दांड्याची खाच झिजलीये आणि तिच्यात जुनं ग्रीस मेणासारखं बसलंय. गारठलं की दांडा अर्ध्यावर थांबतो.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत बॉयलर दोन दिवस बंद होता. साक्षीदारबाई कोट घालून बसली होती. तू बोटं कापलेले हातमोजे घातले होतेस आणि मशीन तुझ्या गाडीतून आलं होतं. ती बाई म्हणाली, ट्रकचे दिवे लागले होते असं मी सांगू शकत नाही. तू टाइप करून दिलेल्या प्रतीत ‘कॅन्ट’, आणि मशीनच्या पट्टीवर ‘कॅन’. तू सांगत राहिलीस, मी ऐकलं तेच टाइप केलं, मशीनने कळ खाल्ली. कोणी मानलं नाही. मशीन फार्गोला तपासायला पाठवलं. तिथे तीन दिवस उबदार दुकानात टेबलावर ठेवून तपासलं आणि चिठ्ठी आली: मशीन ठीक आहे. म्हणजे मग तूच साक्ष बदललीस, असं ठरलं. ते दोन पक्ष पुढे बाहेरच्या बाहेर मिटवून मोकळे झाले. त्या एका शब्दाने त्यांचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते तुझं.

त्या वेळच्या न्यायाधीशांनी पट्टी माझ्या हातात दिली होती, कारण मी मोठी बहीण, अनुभवी. “पट्टीवर काय आहे?” मी म्हणाले, “कॅन.” आणि वर म्हणाले, “मशीन चुकत नाही, हात चुकतो.” हे दुसरं वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं.

मी पट्टी बरोबर वाचली आणि तरी मी चुकले. हे मी लिहून देणार आहे, शपथेवर, ओडेगार्डबाईंकडे. तू काही करायची गरज नाही. फक्त एवढं सांग, त्या खाचेचं काय करू? मला तेरा तारखेला त्या टीवर भरवसा हवा आहे. फिलोमिनाच्या पडद्यावर एकही ‘नाही’ गळून चालणार नाही.

मार्लिस


२ फेब्रुवारी, गुरुवार

डेल्फीन,

पुडकं आलं. स्प्रिंग दोन, ग्रीस धुवायचं औषध, दाढीच्या ब्रशएवढा ब्रश, आणि पानभर चित्रं. तुझी चित्रं अजून तशीच, प्रत्येक स्क्रूला नाक काढल्यासारखी. तू म्हणालीस तसं केलं: धुतलं, वाळवलं, स्प्रिंग बदलली, काही वाकवलं नाही. रात्रभर गाडीत ठेवलं आणि सकाळी दोनशे वेळा लिहिलं. दोनशे टी. आज माझा वेग दोनशे पस्तीस झाला.

चित्रांच्या खाली तुझी एकच ओळ आहे. ‘त्या दिवशी तू कुठे बसली होतीस?’

सोमवारी मी ती वाचली. आज गुरुवार. तीन दिवस मी असं उत्तर शोधत होते की जे खरंही असेल आणि मला सोसेलही. तसं नाहीये.

तिसऱ्या बाकावर, रेडिएटरच्या बाजूला. तुला क्नेफ्ला सूपचा, त्या पिठाच्या गोळ्यांच्या सूपचा, थर्मास द्यायला आले होते. सुट्टी व्हायची होती म्हणून बसले. ती बाई साक्ष देत होती. ती ‘कॅन्ट’ म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं.

पुढे न्यायाधीशांनी विचारलं, पट्टीवर काय आहे. तू काय ऐकलंस, असं त्यांनी मला विचारलं नाही. मी तिथे होते हे त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं मी आता उठून बोलेन. मी पट्टीची घडी घालत बसले.

का, ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. त्या वर्षी जूनअखेर कोर्टातल्या दोन रिपोर्टरांच्या जागी एक राहणार होती. तू माझ्यापेक्षा तरुण होतीस आणि माझ्यापेक्षा जलद लिहायचीस. मी तसं ठरवून केलं नाही, डेल्फीन. पण गप्प बसायला ठरवावं लागत नाही. ‘मला कोणी विचारलं नाही’ हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि बाकी सगळ्या बाबतीत न विचारता बोलत आले, हे तूही जाणतेस.

आई गेली तेव्हा तू शेवटच्या बाकावर बसलीस आणि कॉफीला थांबली नाहीस. आई तू खोटं लिहिलंस असं समजूनच गेली. तिला सांगायला माझ्याकडे सात वर्षं होती.

प्रतिज्ञापत्रात बाकाचंही येईल. पण मी ते खटला संपल्यावर देणार. आधी दिलं तर मला त्या खुर्चीत बसू देणार नाहीत आणि फिलोमिना पुन्हा मुक्यांच्या खोलीत बसेल. ही सबब वाटली तर वाटू दे. तारीख लिहून ठेव: पंधरा फेब्रुवारी. त्या दिवशी नाही दिलं, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

मार्लिस


१६ फेब्रुवारी, गुरुवार

डेल्फीन,

दिलं. काल दुपारी सव्वातीनला.

पण आधी खटला. दोन दिवस चालला. मशीन मी घरातून रजईत गुंडाळून नेलं, तान्ह्या बाळासारखं. एकदाही अडलं नाही. पडदा फिलोमिनाच्या पुढ्यात, अक्षरं अंगठ्याएवढी. पहिला तास ती पडद्याकडे बघतच नव्हती. हात मांडीवर, पूर्वीसारखी, काहीच आपल्यासाठी नाही असं धरून बसलेली. मग गॅरेटच्या वकिलाने तिच्याबद्दल काहीतरी म्हटलं, “वयोमानाप्रमाणे विस्मरण,” आणि ते तिने वाचलं. ताठ झाली. चष्मा पुसला. त्यानंतर तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेट साक्षीला. छान इस्त्रीचा शर्ट. वकिलाने विचारलं, “तुम्ही काकूंना कराराबद्दल विचारलंत?”

“विचारलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्या स्पष्ट ‘हो’ म्हणाल्या.”

मी लिहिलं, पडद्यावर आलं, आणि फिलोमिना उभी राहिली. “कधी?”

न्यायाधीश म्हणाल्या, “मिसेस वेट्श, तुमची पाळी येईल.” मी तेही लिहिलं. तिने वाचलं आणि बसली नाही.

“माझी पाळी दोन वर्षं येतेच आहे, बाई. हा त्या दिवशी फ्रिजमध्ये तोंड घालून उभा होता. पाठ माझ्याकडे. मग वळला, हातात लोण्याचा डबा. मला वाटलं लोणी हवं का विचारतोय. मी ‘हो’ म्हणाले. लोण्याला!”

कोणी हसलं नाही. गॅरेटने खाली बघितलं. न्यायाधीशांनी त्याला थेट विचारलं, “तुम्ही बोललात तेव्हा तुमचं तोंड कुठे होतं?” त्याने आधी वकिलाकडे बघितलं. मग तो म्हणाला, “आठवत नाही.” दोन शब्द, आणि त्यातला ‘नाही’ पडद्यावर पुरता उमटला.

करार रद्द. सह्यांचा अधिकार रद्द. जमीन फिलोमिनाकडे. ओडेगार्डबाईंनी निकाल वाचला तेव्हा फिलोमिना ओळ उमटेल तशी बोट धरून वाचत होती, पहिलीतल्या मुलीसारखी. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “तुझे हात दाखव.” दाखवले. तिने दोन्ही उलटेसुलटे करून बघितले आणि गेली.

मग काल दुपारी मी न्यायाधीशांच्या खोलीत गेले. पट्ट्या, ट्रूडीची सही, झिजलेल्या दांड्याचे फोटो, चार पानं प्रतिज्ञापत्र. त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढली.

“मार्लिस, मशीनचं समजलं. हे बाकाचं लिहायची गरज होती का?”

“होती.”

“हे मला राज्याच्या कार्यालयाला कळवावं लागेल. तुझा परवाना जाऊ शकतो.”

“कळवा.”

“वकील बघितलास?”

“मी चाळीस वर्षं वकील बघतेय. नको.”

त्या थोड्या हसल्या. आज सकाळी आदेश निघाला. डेल्फीन हॉफार्ट हिने साक्ष बदलली हा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे, तिने दिलेली प्रत बरोबर होती. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. मी सहा वेळा वाचली. स्पेलिंग बरोबर आहे.

मला हे इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. नाही, खोटं. वाटलं होतं.

मार्लिस


४ मार्च, शनिवार

डेल्फीन,

तुझं पत्र आलं. या वेळी अख्खं पत्र, दीड पान. आदेशाबद्दल तू आभार मानले नाहीस, आणि मानले असतेस तर मला राग आला असता. तू लिहिलंस: ‘फाईल कोण वाचतं? मी खोटी आहे हे क्लाइनडॉर्फने कोर्टात ऐकलं नव्हतं. चर्चच्या हॉलमध्ये मासे खाताना ऐकलं होतं. हॉलमध्ये सांग.’

मी न्यायाधीशांपुढे अडखळले नव्हते. हे वाचून मात्र मी पत्राची घडी घालून ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. कोर्टात माझं काम असतं, समोर मशीन असतं. हॉलमध्ये मी नुसती मार्लिस.

काल शुक्रवार होता. ईस्टरआधीच्या उपवासातला दुसरा, हॉलमध्ये मासे असतात तो. तुला सगळं माहीत आहे: लांब टेबलं, तळलेल्या माशाचा वास, कोबीची कोशिंबीर, कागदी ताटल्या, दीडशे माणसं. अँब्रोस श्वात्स सोडतीचे आकडे माइकवर वाचत होता. नव्वदीचा झालाय, पण माइक कोणाला देत नाही. मी जाऊन म्हणाले, “दोन मिनिटं दे.”

“तुझा आकडा लागला का?”

“दे म्हणते ना.”

दिला. मी सांगितलं. मशीनचं, थंडीचं, टीचं. मग तिसऱ्या बाकाचं. मी म्हणाले, “डेल्फीनने खरं लिहिलं होतं. मी स्वतःच्या कानाने ऐकलं होतं आणि गप्प बसले. इथे या हॉलमध्ये तुम्ही तिच्याबद्दल बोललात तेव्हाही मी इथेच जेवत होते, आणि गप्प होते.” चिठ्ठी नेली नव्हती.

पोस्टातली रोझीना म्हणाली, “अगं, हे आत्ता कशाला? लोक जेवतायत.”

“तेव्हाही लोक जेवतच होते, रोझीना. तू दुसऱ्यांदा कोशिंबीर घेत होतीस.”

अँब्रोस माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने विचारलं, “तुझ्या आईला सांगितलंस?”

“नाही.”

त्याने माइक माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. पुढचा आकडा वाचलाच नाही. मी माझ्या जागेवर गेले. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मी बसले आणि गार मासा खाल्ला. उठून जावंसं वाटत होतं, पण तू उठून गेली होतीस त्या वर्षी, आणि मी बघितलं होतं, म्हणून बसले.

मग फिलोमिना आली. तिला काही कळलं नव्हतं. माइकवरचं तिला काय कळणार! सगळ्यांची तोंडं पडलेली दिसली म्हणून ती टेबलं ओलांडून माझ्यासमोर येऊन बसली. “काय झालं? कोण गेलं?”

मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, डेल्फीन. तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द ओठांनी पुरता करून. माइकवर दोन मिनिटं लागली होती. इथे दहा लागली असतील. ती माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मध्ये एकदा म्हणाली, “तोंड खाली नको घालू, मला दिसत नाही.” मी मान वर केली.

माझं सांगून झाल्यावर तिने चष्मा वर सरकवला. मग बोलली. ती केवढ्याने बोलते तुला माहीत आहे, स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही ना. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

“म्हणजे तुला ऐकू आलं होतं.”

मी म्हणाले, हो.

“आणि तरी?”

तिने माझी ताटली उचलली, आपल्या ताटलीवर ठेवली आणि दोन्ही कचऱ्यात टाकून आली. परत येऊन माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. लोक उठेपर्यंत बसली.

राज्याच्या कार्यालयाचं पत्र अजून यायचंय. काय ते लिहितील. मी त्याची वाट न बघता राजीनामा दिलाय. खटला संपल्यावर जिल्ह्याच्या मंडळींना फिलोमिना स्वतः जाऊन भेटली आणि पडद्याशिवाय कोर्ट चालवून दाखवा म्हणाली, त्यामुळे रिपोर्टरची जागा ठेवायचं ठरलंय. बिस्मार्कची एक मुलगी येतेय. तिला मी काही शिकवणार नाही, माझ्या सवयी तिला लागायला नकोत.

ईस्टर झाला की सोमवारी, दहा एप्रिलला, मी गाडीने निघतेय. तीन दिवसांचा रस्ता. तेराला मेसामध्ये. तू बोलावलेलं नाहीस, हे मला समजतं. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. समोर रस्त्यावर गाडी लावून मी संध्याकाळपर्यंत थांबेन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येईन, असं आठवडाभर. वीस तारखेला परत फिरेन आणि परत कधी विचारणार नाही.

पण उघडलंस, तर आधी मला काही बोलू देऊ नकोस. तू बोल. एकोणीस वर्षांचं असेल ते सगळं बोल, पाहिजे तेवढ्या जोरात. मी ऐकायला येतेय.

मार्लिस